शेवटच्या गाडीतला पाय

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, आजारीबिजारी नाही. भाऊजी बरे? छोटीचे पुढचे दात आले का?

मला नोकरी लागलीय, विद्यापीठात! हसू नकोस. दहावीला दोनदा आपटलेला मी, आणि गळ्यात ओळखपत्र. काम काय, तर बसायचं. मैदानावर तीन गाड्या एकामागोमाग धावतात, वायरलेसवर आपसात बोलतात. पुढचीने ब्रेक लावला की मागची आपोआप लावते. आमच्या बाई त्यावर प्रबंध लिहितायत. मुद्दाम निरोप उशिरा पोचवतात, तरी गाडी सावरते का ते बघायला. मी शेवटच्या गाडीत, हात मांडीवर. आता ठोकणारच असं वाटलं तरच ब्रेक दाबायचा.

बूट नवे घेतलेत, अर्धा नंबर मोठे. नाडी सारखी ब्रेकच्या वायरीत अडकते. पाय पडला की संगणकाला कळवणारी वायर ती. गुरुवारी वैतागून मी ती वायरच काढून ठेवली. तेवढ्या एकाच दिवशी.

आणि गुरुवारीच गाडी थांबली. निरोप पूर्ण सेकंदभर उशिरा, तरी पुढच्या गाडीपासून दोन हातांवर! बाई धावत आल्या.

"थांबली! आपोआप थांबली ना रे?"

"हो ना," मी म्हणालो.

बाई स्वतःच्या आईला फोन लावून रडल्या.

ताई, गाडी थांबली तेव्हा माझा पाय ब्रेकवर होता. आधी गाडीने ब्रेक लावला की मी, खरंच कळत नाही. रोज आठवून बघतो, रोज वेगळंच आठवतं. परवा प्रबंध जाणार. पुढे ही यंत्रणा खऱ्या रस्त्यावर धावेल, तेव्हा आत माझा पाय नसेल.

सांगितलं तर त्यांचं वर्ष जाईल. न सांगावं, तर... पिशवी भरून दाराशी ठेवलीय. तू म्हणतेस ना, "खरं बोलायची वेळ आली की हा गाव बदलतो." छापखाना सोडला तसाच, बोटीवरचं कामही. कधी पत्ता कळवला नाही.

चार वाजता बाई मैदानावर येतात. म्हणेन, वायर लावून पुन्हा धावू, मी सीटवर मांडी घालून बसतो. काय म्हणतील, देव जाणे.

पाकिटामागे पत्ता लिहिलाय. उत्तर येईपर्यंत आता हलता येणार नाही.

तुझाच,
भिंगरी