दाराशी टांगलेली फळी

डिचोली,
१४ जून १९८७

प्रिय रुक्मिणी,

म्हापशाच्या कॉन्व्हेंटात वर्गाच्या दाराशी एक लाकडी फळी टांगलेली असायची, आठवते? लघवीला बाहेर जायचं तर ती हातात घ्यायची. आपण दोघी तिची दोन टोकं धरून पळायचो आणि चिंचेखाली बसून यायचो. सिस्टरला कधी कळलं नाही. तिसरीत तुझी शाळा सुटली, तेव्हा ती फळी घेऊन मी एकटीच चिंचेखाली रडले होते.

हे पत्र तुझी लेक गौरवीच तुला वाचून दाखवणार, हे ठाऊक असूनच लिहिते आहे.

इकडे ठीक. गोवा राज्य झाल्याचे पेढे आपल्या काजूच्या कारखान्यातही वाटले. दुसऱ्याच दिवशी मी निवृत्त झाले. तुझ्या पायांची सूज उतरली का?

कारखान्याच्या दाराशीही तशीच फळी आली, ती कल्पना मालकाची नव्हे, रुक्मिणी. मुकादम झाले त्या वर्षी मीच ती सुचवली. शाळेतली शिस्त म्हणून. काजू फोडणाऱ्या चाळीस बायका आणि बाहेर जायला एक फळी. गौरवीच्या वेळी तुला दिवस गेले होते तेव्हा तू म्हणालीस, "अगो बाये, फळी दी. नाय तर तुज्याच खुर्चीर बसतंय हां!" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि म्हटलं, "फळी मालतीकडे आहे, ती परत येऊ दे."

त्यानंतर तू कामावर पाणी पिणंच सोडलंस. हळूहळू सगळ्यांनीच. संध्याकाळी माठ भरलेलाच असायचा. मला दिसत होता. मी मालकाला कौतुकाने सांगायची, बायका कामाच्या नादात पाणीसुद्धा विसरतात.

पाणी न पिऊन तुझी मूत्रपिंडं गेली, असं डॉक्टर म्हणाल्याचं मालतीने सांगितलं. मी तिला म्हटलं, देवाची इच्छा.

आता तू अंथरुणावर, म्हणून सोमवारपासून कारखान्यात गौरवी तुझ्या पाटावर बसणार.

निघताना फळी खिळ्यावरून काढून आणली. मालक म्हणाले, "दुसरी करूया." करतीलही. म्हणून माझा भाचा श्रीनाथ हे पत्र आणि एक पिशवी घेऊन येतो आहे.

तांब्याचा पेला मालतीला. आता ती मुकादम. दर तासाला आधी तिने पाणी प्यावं, म्हणजे बाकीच्या पितील.

कारखान्यामागच्या माझ्या घराची किल्ली गौरवीला. मागच्या दाराने आत आलं की संडास, न्हाणीघर तिथेच आहे. कोणीही यावं. मला विचारायचं नाही.

फळी तुला. चुलीत घाल.

क्षमा मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील.

फळीचं दुसरं टोक धरणारी,
तुझी शेवंती