बारका ताड नव्हे, पंखाझाड

जव्हार,
बुधवार, पौष महिना

तीर्थस्वरूप गोजामावशीच्या पायांवर रघूने डोकं टेकलं आहे असं समजावं.

इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण हात धजेना. तुझे गुडघे कसे आहेत? मोखाड्याची थंडी त्यांना सोसते ना? रविवारी तुला एस.टी.त बसवून दिलं तेव्हा, चेहरा का उतरलाय म्हणून तू विचारलंस आणि मी झोप झाली नाही म्हणून सांगितलं. खरं कारण या पत्रात लिहितो. वाचून झालं की पत्र चुलीत घाल. (शेजारच्या पोशीकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी चालेल, तूच वाच.)

आमच्या ओट्यावर दोन लाकडी पिंपांत जी झाडं आहेत, ती तू पाहिली आहेसच. संस्थान मुंबई राज्यात गेलं, राजाच्या बंगल्यातलं सामान हललं आणि ही दोन झाडं व्हरांड्यात तशीच उभी राहिली. पाणी घालणारा जिवा माळी मुलीकडे राहायला गेला होता. झाडं सुकायला लागली, म्हणून मी वरिष्ठांना विचारून ती बैलगाडीत घालून घरी आणली. माणसाच्या छातीएवढी उंची, पानं पंख्यासारखी पसरट आणि कडेला चिरलेली, दांड्यांना काटे. दिसायला झाड सज्जन, पण त्याला धड एक नाव नाही. जिवा त्याला पंखापाम म्हणायचा. तुझी सून बाळी विंझणा म्हणते. समोरच्या धोंडीबाई राजाचा पंखा म्हणतात. ढवळू मास्तर मुलांना घेऊन आले होते, त्यांनी तालवृक्षाची विलायती जात म्हणून सांगितलं आणि मुलांकडून पाठ करून घेतलं. वांगणीकडून बाजाराला येणाऱ्या बाया हाताचं झाड म्हणतात, आणि वारा असला की आमच्या ओट्यासमोरून जरा लांबूनच जातात, कारण ते हात हलवून बोलावतं. (तेव्हापासून संध्याकाळी मीही मागच्या दाराने घरात येतो.) या सगळ्यांत साखरशेतचा मंगळू, जो आम्हाला जळाऊ लाकूड आणून देतो, त्याने एकदा झाडाकडे बघून 'बारका ताड' म्हटलं. आणि बाजारात तेच नाव चालू झालं. म्हणायला सोपं ना.

एरवी माझी काही तक्रार नव्हती. पण मावशी, आता दारूबंदी आली आहे. ताडांची मोजदाद होते, ताडी काढणारा सापडला की थेट आत. दारूबंदीचे नवे इन्स्पेक्टर जव्हारात आले आहेत. त्यांच्या मिशा मी अजून नीट पाहिलेल्या नाहीत, कारण ते समोरून आले की मी चपलेचा अंगठा बघायला लागतो. त्यातून आम्ही जुने संस्थानी कारकून. नव्या सरकारने अजून आम्हाला कायम केलेलं नाही. एवढंसं निमित्त झालं तर नोकरी जाईल, मग बाळीला घेऊन मी कुठे जाऊ? आणि शनिवारी, भर बाजारात, मंगळूने लांबून हाक मारून विचारलं, "काय रघुभाऊ, बारका ताड पाझराय लागला का नाय?" शेजारच्याच दुकानात इन्स्पेक्टर सुपारी घेत होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. काही बोलले असते तर बरं झालं असतं. ते सुपारी खिशात घालून निघून गेले.

तू गेलीस आणि मला कणकण भरली. तशाच अंगाने मी आळीत घरोघर गेलो आणि यापुढे त्या झाडाला सर्वांनी कृपा करून पंखाझाड म्हणावं अशी विनवणी केली. का, ते सांगता येईना. त्यामुळे दिवस मावळायच्या आत रघूच्या ताडाचं काहीतरी प्रकरण आहे हे सबंध जव्हारला कळलं. ज्यांना झाड ठाऊक नव्हतं तेही बघायला आले. शेवटी सोमवारी मी बाळीची दोन जुनी लुगडी घेतली आणि दोन्ही झाडांना गुंडाळली. आता झाडं दिसत नव्हती हे खरं, पण ओट्यावर डोक्यावरून पदर घेतलेल्या दोन बाया उभ्या आहेत असं दिसायला लागलं. धोंडीबाईंना वाटलं, आमच्याकडे काही नवस आहे. त्यांनी येऊन हळदकुंकू वाहिलं. पाठोपाठ आणखी कुणी नारळ आणला. मी हात जोडून परत पाठवत होतो, तर त्यांना तोही पूजेचाच भाग वाटला.

काल मंगळवारी दुपारी इन्स्पेक्टर आले. बरोबर दोन पोलीस. रघू कारकून आपणच का, असं त्यांनी विचारलं तेव्हा हो म्हणण्याआधी मी एकदा मागे वळून पाहिलं. त्यांनी स्वतःच्या हाताने लुगडं सोडलं, आणि बोटात काटा घुसला. रक्त आलं. सरकारी रक्त, मावशी, माझ्या ओट्यावर. पोलिसांनी माझ्याकडे पाहिलं, आळीने माझ्याकडे पाहिलं. बोट तोंडात धरून साहेबांनी विचारलं, "याला म्हणतात तरी काय?" मला वाचवण्यासाठी आळीतले सगळे एकदम बोलले. कुणी विंझणा म्हणालं, कुणी राजाचा पंखा, कुणी तालवृक्ष, आणि मागून धोंडीबाईंनी देवी म्हणून सांगितलं. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि मला म्हणाले, "तुम्ही सांगा." दोन दिवस मी पंखाझाड, पंखाझाड असं घोकत होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "ताड."

साहेबांनी झाडाची उंची आपल्या छातीशी लावून पाहिली. मग म्हणाले, "यावर ताडी काढायला चढणार कोण? मुंगी?" आणि हसले. मिशा तेव्हा पाहिल्या. चांगल्या आहेत. गोष्ट अशी निघाली की त्यांच्या बाईसाहेबांनी मुंबईला एका डॉक्टरांच्या व्हरांड्यात असलं झाड पाहिलं होतं, आणि जव्हारला बदली झाल्यापासून त्या रुसून आहेत. बाजारात मंगळूचं बोलणं ऐकून साहेबांना आशा लागली, पण एका कारकुनाकडे झाड मागायचं कसं, या संकोचात ते दोन दिवस होते. मी म्हटलं, दोन्ही न्या. त्यांनी डावीकडचं नेलं. पोलिसांनी पिंप उचललं तेव्हा मी 'हळू, हळू' म्हणत आळीच्या टोकापर्यंत मागोमाग गेलो. जाता जाता साहेबांनी आपुलकीने घरच्यांची चौकशी केली. मोखाड्याला कुणी आहे का, म्हणाले. आहे म्हणून सांगितलं.

तर असं झालं. प्रकृतीस जप, थंडीत बाहेर निजू नकोस. बाळी तुला नमस्कार सांगते.

तुझा,
रघू

ता. क. साहेब शनिवारी मोखाड्याला दौऱ्यावर येत आहेत. तिथे जेवणाची सोय नाही म्हणाले, तेव्हा भीतीने माझ्या तोंडून तुझं घर निघून गेलं. दुपारी येतील. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी कर. बरोबर पोलीसही आहेत. शनिवारच्या आत पोचावं म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता एस.टी.च्या नवसू ड्रायव्हरच्या हाती देतो आहे.

ता. क. दुसरा. आता तुझ्यापासून काय लपवू. दिवाळीला तू गुडघ्यांना चोळायला मोहाच्या दारूची बाटली आणलीस आणि इथे विसरलीस, ती मी डावीकडच्या पिंपात पुरून ठेवली होती. ताडाची भीती कुणाला होती? ती बाटली आता साहेबांच्या व्हरांड्यात आहे. बाईसाहेबांनी हौसेने माती उकरली तर काय, या विचाराने काल रात्रीपासून अन्न उतरत नाही.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना बाळीने विचारलं, एवढं काय लिहिता. सांगितलं तेव्हा म्हणाली की बाटली तिने रविवारी सकाळीच पिंपातून काढली आणि तुझ्या पिशवीत घातली, तळाला, खुरासणीच्या चटणीच्या पुरचुंडीखाली. माझा जीव भांड्यात पडला. मावशी, तू ती पिशवी रिकामी केलीस का? शनिवारच्या आत कर.