नानांची शाल आणि प्रोटीनची बाटली

भडगाव, मंगळवार संध्याकाळ

उगाच ओरडले नानांवर, स्वतःच्या वडिलांवर. सुट्टीत जळगावची लॅब बंद, म्हणून माझ्या प्रयोगाला लागणाऱ्या रिसेप्टर प्रोटीनचं पार्सल मीच घरी मागवलं होतं. बाटलीवर ‘थंड ठेवा’ वाचून नानांनी ते आपल्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवलं. वर पाणी ठिबकू नये म्हणून स्वतःची शाल गुंडाळली.

मी बाहेरून आल्या आल्या कडाडले, "हे उणे वीस डिग्रीला ठेवतात, नाना! वाया गेलं सगळं!"



मग सोबतचा कागद वाचला. कोरडी पावडर आहे, आठवडाभर बाहेरही टिकते. एवढी शिकलेली मी, आधी वाचायला काय झालं होतं?

जेवताना त्यांनीच विचारलं, "बठ्ठं बराबर शे ना, बेटा?"

नुसतं "हो, सगळं बरोबर आहे" म्हटलं. सॉरी म्हणायला जीभच रेटली नाही.

शाल दोरीवर वाळतेय. नाना नुसत्या सदऱ्यावर कोल्ड स्टोरेजला गेलेत.