आईला गाडी लागते

अण्णा, आपल्याकडे गाडी येतेय. शनिवार-रविवारी डोंगरात, धरणावर, देवाला, मनाला येईल तिकडे जाण्यासाठी म्हणून घेतलीय. ती कुठल्या प्रकारची घ्यायची यावरून दिवाळीपासून आमच्या मंचरच्या घरात जे काही रणकंदन चाललं होतं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. गाडी म्हटलं की आपल्या घरात तुम्हीच बोलणार आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत होती. आता तुम्ही ऐका.

तुमची जीप मला अजून दिसते. रविवारची सकाळ आहे, अवसरीच्या घरापुढे तुम्ही ओल्या फडक्याने काच पुसताय, आणि कुणीतरी पाहुणा आलेलाच आहे. ‘पावणं, तुमी पुढं या,’ तुम्ही म्हणता. पुढे पाहुणे, नाहीतर चुलते, नाहीतर तुमचे मित्र. मागे आडव्या बाकड्यांवर आम्ही पोरं आणि आई. मंचर मागे पडत नाही तोच आईचा चेहरा उतरतो. तुम्ही जीप कडेला घेता, स्वतः उतरून तिच्या हातावर पाणी ओतता, चारचौघांदेखत तिच्या पाठीवरून हात फिरवता. त्या काळी आपल्याकडे असं कोण करत होतं? पण पुढे पुढे ठरूनच गेलं, ‘तू ऱ्हा घरी, तुला गाडी लागती.’ आम्ही लेण्याद्री बघितली, नाणेघाट बघितला. ती पहाटे उठून आम्हाला दशम्या बांधून द्यायची आणि संध्याकाळी दारात उभी राहून कसं होतं ते विचारायची.

म्हणून या वेळी मी घरात जाहीर करून टाकलं की जी गाडी आईला लागणार नाही, तीच घ्यायची. ती सत्तरी ओलांडून गेलीय, गुडघे कुरकुरतात. आता नाही बघणार तर कधी बघणार? तुमच्या जावयांना हवी होती उंच, रुबाबदार, चिखलातून वर चढणारी. शोरूममधून ती फेरी मारायला आणली तेव्हा आईला चढता येईना, शेवटी मी घरातून पाट आणून खाली ठेवला. मागच्या सीटवर ती देवीसारखी बसली आणि बायपासलाच म्हणाली, ‘थांबीव बाई.’ मग यांच्या मित्राची सात जणांची गाडी मागून आणली. डिंभ्याच्या वाटेला लागलो. आईच्या नाकाशी लिंबू, गालात आवळासुपारी, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून पोटाशी घट्ट धरलेला पेपर. धरण दिसायच्या आधीच परत फिरलो. ‘तुमी जात जा गं,’ ती म्हणाली, ‘माझ्यापायी कशाला खोळंबा? मला न्हाई सोसत.’ अण्णा, त्या दिवशी मी हरले होते.

आणि मग अगदी साधी गोष्ट झाली. मावशी आजारी होती, आईला जुन्नरला न्यायचं होतं. हे एका साखरपुड्याला गेले होते. मी मैत्रिणीची छोटी गाडी घेतली आणि अवसरीला आले. आईने सवयीने मागचं दार उघडलं. मी म्हटलं, ‘आई, पुढं बस. मी काय तुझी डायवर हाय का?’

‘पुढं? मला न्हाई जमायचं. मी मागंच बरी.’

‘बस म्हटलं ना.’

बसली. पदर सावरून, दोन्ही हात मांडीवर, लग्नाच्या फोटोला बसल्यासारखी. नारायणगावपर्यंत नुसता समोरचा रस्ता बघत होती. मग हळूच म्हणाली, ‘कुत्रं हाय बग म्होरं.’ मग म्हणाली, ‘त्या ट्याक्टरला व्हार्न दे की.’ मग दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागली, कुणाचा द्राक्षाचा मळा चांगला धरलाय ते सांगायला लागली. जुन्नर आलं. मी विचारलं, ‘मळमळतंय का?’ ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘अगं बया, इसरलेच की!’

मावशी अंथरुणात उठून बसलेली, बऱ्यापैकी होती. तिच्याकडे चहा घेऊन निघालो तेव्हा मी म्हटलं, नाणेघाटला जायचं? ‘चल की,’ आई म्हणाली, जणू रोज जाते. घाटघरच्या वळणांवर माझेच हात घामेजले होते. ती मात्र वळणाच्या आधी त्या अंगाला कलायची, जशी काही गाडी तीच वळवतेय. वर भन्नाट वारा होता. कड्यापाशी मी तिचा हात धरून ठेवला. खालचं कोकण बघून तिने तोंडाला पदर लावला. ‘एवढ्या खाली मानसं ऱ्हात्यात व्हय? आन ही वर कशी येत असतीन?’ मग तिने भेळ खाल्ली. प्रवासाच्या दिवशी पाण्याचा घोटही न घेणारी आपली आई, अण्णा! तिखट जास्त घालून मागितली तिने.

परतताना मी म्हटलं, जीपमध्ये पुढे बसली असतीस तर तुला कधी गाडी लागलीच नसती. ती म्हणाली, ‘पुढं बाप्ये बसायचे. कुनी इचारलं न्हाई, मी बी बोलले न्हाई.’ राग तर तिच्या आवाजात नव्हताच. मला मात्र आला, तुमचाच. इतकं जपून पाणी ओतायचात, सीट तेवढी द्यायची राहिली. मग वाटलं, आम्हाला तरी कुठे सुचलं होतं? पाट मांडला, लिंबं आणली, आणि तिला मागेच बसवत राहिलो.

त्यानंतर निवड आईने केली. प्रत्येक गाडीत पुढे बसून बघायची. उंच गाडीला म्हणाली, ‘हिचं नाक लई मोठं, रस्ता दिसंना.’ विकणारा मुलगा छतावरची काच सरकवून दाखवू लागला, तर म्हणे, ‘वरचं काय बघायचं बाबा, म्होरलं दाव.’ शेवटी पसंत पडली ती ना फार उंच, ना फार बुटकी, मोठ्या काचेची, पाटाशिवाय चढता येईल अशी. तुमच्या जावयांनी तोंड पाडून विचारलं, मग मी कुठे बसू? ‘मागं बसा जावईबापू, ऐसपैस.’ खात्री करायला गेल्या रविवारी मैत्रिणीच्याच गाडीतून पुन्हा घाटघरला गेलो. तिसऱ्या वळणाला मागून क्षीण आवाज आला, जरा थांबवतेस का? आईने मागे न बघता पिशवीतलं लिंबू मागे धरलं. मी इतकी हसले की गाडी थांबवावीच लागली.

उद्या गाडी येईल, आधी ओझरला गणपतीला जाऊ. तुम्ही गेल्यावर आता हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, आणि आईलाही दाखवायची सोय नाही, कारण एक गोष्ट आहे. नाणेघाटाहून पहिल्यांदा परतलो तेव्हा दारात उतरता उतरता ती एकदम थबकली. ‘आज दिवसभरात त्यांची याद न्हाई आली गं,’ म्हणाली, आणि अपराध्यासारखी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, असू दे, मला आली होती.

नव्हती आली, अण्णा.