मण्यांचा हेलिक्स

३ जुलै, सकाळी ७.१०
नव्या टर्मचे निश्चय. स्टाफरूममध्ये कुणावरही आवाज चढवायचा नाही. नव्या लेक्चरर बाईशी कामापुरतंच बोलायचं. साखर बंद.

३ जुलै, संध्याकाळ
आवाज चढला. पण कारण तसंच होतं. आमची विभागप्रमुख माझीच विद्यार्थिनी. पंधरा वर्षांपूर्वी तिला साधा पेप्टाइड बंध काढता येत नव्हता. आज म्हणते कशी, मॅडम, पहिल्या वर्षाचं प्रथिनांच्या रचनेचं युनिट यंदा नव्या मॅडमना देऊ या का, तुम्ही प्रॅक्टिकल बघा. चोवीस वर्षं ते युनिट माझं आहे. मी म्हटलं, विचारतेस की सांगतेस? म्हणाली, विचारतेय हो. म्हणजे सांगतच होती.
शेवटी ठरलं की दोघींनी एकाच वर्गावर एकेक तास घ्यायचा, मग ती ठरवणार. यात ठरवायचं काय ते तिलाच ठाऊक.
चहात दोन चमचे साखर. धक्का बसल्यावर साखर हे औषध असतं.

५ जुलै
नव्या बाईचं नाव या वहीपुरतं प्रोलीन. प्रथिनं ज्यांची बनतात त्या वीस अमिनो आम्लांत हा एक नग असा आहे, की छान वळत चाललेल्या साखळीत शिरला की वळण तिथेच मोडतं.
आज गोड आवाजात विचारत होती, तुमच्या तासाला प्रोजेक्टर लागेल का मॅडम. म्हटलं, मला हात आहेत. मग चाळीस मिनिटं कामापुरतंच बोलले. तिचं सगळंच काम चुकत असल्यामुळे वेळ लागला.

९ जुलै, रविवार
मॉडेल साफ करायला घरी आणलंय. तांब्याच्या जाड तारेचा हेलिक्स, स्प्रिंगसारखा वळत जाणारा, त्यावर मणी. एक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. पाणी आवडणारी निळी, पाण्यापासून पळणारी पिवळी. मी हे केलं तेव्हा लेक सात वर्षांची होती, अंगात ताप. अंथरुणात बसून मणी रंगवायची आणि विचारायची, आई, पिवळ्यांना पाण्याची भीती वाटते का? त्या मण्यांवर अजून तिच्या बोटांचे ठसे आहेत. मणी ओवायला मला शाळेत सिस्टरांनी शिकवलं. माझा टाका कधी सैल पडला नाही, असं त्या स्वतः म्हणायच्या.
प्रोलीनकडे काय आहे? पडद्यावर फिरणारं चित्र. लाइट गेली की काय फिरवणार, डोळे?
नवरा म्हणाला, याचं वळण बरोबर आहे ना गं? आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंगं काढलेल्या माणसाने प्रथिनांत बोलू नये. तसं त्याला सांगितलं. स्वयंपाकघरात निघून गेला.

१२ जुलै, दुपारी २
तास अप्रतिम झाला. मॉडेल वर धरलं तेव्हा वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती.
शेवटी मागच्या बाकावरची एक चष्मेवाली उठली. म्हणे, मॅडम, पुस्तकातला अल्फा हेलिक्स उजवीकडे वळतो, हा डावीकडे वळतोय. मी प्रेमाने सांगितलं, बाळ, तू लांब बसली आहेस, पुढे ये. पुढे आली. म्हणाली, अजून डावीकडेच आहे. मी मॉडेल उलटं केलं. म्हणाली, अजूनही. मी ठणकावून सांगितलं की मॉडेल बरोबर आहे, लिहून घ्या. सगळ्यांनी लिहून घेतलं.
प्रोलीन शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. हसू लपवण्याची ही जुनी युक्ती आहे.

१३ जुलै
मॉडेल आडवं धरलं. खाली डोकं वर पाय करून धरलं. बाल्कनीत ठेवून घरातून पाहिलं. नवऱ्याने काही न बोलता ओट्यावर एक स्क्रू आणून ठेवला. मग बोललाच. म्हणाला, हा कसाही धर, आटे फिरायचे तसेच फिरतात. असा नवरा कुणाला मिळू नये.
दुपारी सहज कपाटाच्या आरशासमोर गेले. आरशात हेलिक्स चक्क उजवीकडे वळतो. म्हणजे मॉडेलमध्ये दोष नव्हताच, ठेवण्याची पद्धत चुकत होती. विभागाच्या काचेच्या कपाटात मागे आरसा बसवायचा. नवरा म्हणाला, आणि मुलांना पाठमोरं बसवायचं का?

१४ जुलै
आरसा रिक्षाने नेला. विभागप्रमुख बराच वेळ आरशाकडे, म्हणजे माझ्याकडेच, बघत राहिली. मग हळूच म्हणाली, मॅडम, चोवीस वर्षांत कुणी विचारलं नाही? म्हटलं, त्या मुलांना शिस्त होती. तू पण त्यातलीच.
युनिट प्रोलीनला दिलं. मीच दिलं म्हणायचं. प्रॅक्टिकलला अनुभवी माणूस लागतं, ते तिला झेपलं नसतं.

१९ ऑक्टोबर
प्रोलीन आली पाय धरायला. म्हणाली, मॅडम, तुमचं मॉडेल परीक्षेत ठेवू का, तुमची हरकत नसेल तरच. शेवटी पडद्यावरच्या चित्रांनी भागलं नाही. मी मोठ्या मनाने हो म्हटलं. परीक्षेत कशासाठी, ते विचारणं मला शोभलं नसतं.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळ
पेपर प्रोलीनने काढला, तपासायला माझ्याकडे. प्रॅक्टिकल माझं ना. सातवा प्रश्न मॉडेलवर: यात चूक असल्यास ओळखा. एक गुण.
चाळीसपैकी एकोणचाळीस जणांनी लिहिलंय, हेलिक्स डावीकडे वळलेला आहे. चष्मेवालीने कारणही दिलंय, नीट, आकृतीसकट. एकोणचाळीस वेळा एक गुण लिहिला.
उरलेल्या एका मुलीचं अक्षर गोल, सुबक. सिस्टरांना आवडलं असतं. तिने लिहिलंय: चूक नाही. मॅडमनी वर्गात सांगितलं आहे.
तिचा पेपर सगळ्यांत खाली ठेवला. मग पुन्हा वर घेतला.
शून्य दिलं.