होडीच्या भोकात पोराचा साबण

मंगळवार, दिवेलागणीला

शिसारी आलीय नुसती. पोराला आंघूळ घालाया बसले तर साबण न्हाय. सासू म्हनल्या, "तुझ्या नवऱ्यानं नेलाय होडीकडं."

होडी पळाली की पाणी उडून बसणाऱ्याच्या अंगावर येतंय, म्हून ह्यांनी आज आमच्या नव्या होडीच्या बुडाला दोन्ही अंगानं पाणी बाजूला सारणाऱ्या पट्ट्या मारल्या. स्क्रूची भोकं आरपार गेली, अन् ती ह्यांनी पोराच्या साबणानं बुजवली. ह्यांच्या गॅरेजात पेट्रोलची टाकी गळली की साबण लावतेत, तसंच. वरनं रंग मारला. उरलेला तुकडा ग्रीसनं काळा झालेला. हात लावू वाटंना.

म्या म्हनलं, "अवो, ही टाकी न्हाय. साबण पाण्यात विरघळतोय की."

"तू भाकरी बघ. होडीचं मला शिकवू नगं."

उद्या होडी तळ्यात सोडायची. नव्या गाडीत आधी लेकरू बसवतेत, तसं तुळजापूरचं कुंकू लावून माझ्याच पोराला आधी बसवणार. होडी दारातच टायरांवर हुती. आंघुळीच्या ऊन पाण्याची बादली उचलली अन् तिच्यात वतली.

थोड्या वेळानं पट्टीखालनं फेस आला. पोराच्या अंगाला येतोय तोच वास. मग धारच लागली.

सासूनं कुंकवाची पुडी देव्हाऱ्यात परत ठिवली. ह्यांना म्हनल्या, "आधी तूच बस बाबा. आमी काठावरनं बघतो."

शेजारी हसले. मला हसू येईना. आज आंघूळ घालायचा कटाळा केला असता तर?