सुटं पाणी

१ नोव्हें., शनि.
मुर्रीच्या रस्त्यावरच्या ब्रुअरीत वाढायच्या कामाला लागून आज दोन महिने झाले. बिअर तिथेच बनवतात, तांदळाची कणी घालून. दुपारी टाकी उघडली की उकडलेल्या धानाचा वास सुटतो. राईस मिलमधून आले की ह्यांच्या शर्टाला हाच वास असायचा. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. वास आला की हातातला ट्रे तसाच राहतो. सोबतची सीमा हसते, "दीदी, फिर खो गई?" बालाघाटची आहे. चांगली पोरगी.
वस्तीत मी "हॉटेलात आहे" एवढंच सांगितलं आहे.
मॅनेजरने किचनमध्ये कागद चिकटवला. गिऱ्हाइकाला सुटं पाणी द्यायचं नाही, बाटलीच घ्यायला लावायची.

२ नोव्हें., रवि.
लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते.
गर्दी फार. सगळ्या ऑर्डरी उशिरा. कोपऱ्यातल्या टेबलावरून एक चष्मेवाला ओरडत होता, "पाऊण तास झाला, कोणी आहे का इथे?" गेले तर त्याच्या शेजारी मेश्रामकाका. विहारातल्या वाचनालयाचे. पुण्याची मुलगी, जावई आलेले दिसले. काका स्वतः दारूच्या थेंबाला शिवत नाहीत.
हे गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बसायची, तेव्हा काकांनीच पहिलं पुस्तक आणून दिलं. मी किराण्याच्या पुड्यांवरून अक्षरं शिकलेली. तीन आठवडे लागले. त्यांनी काही विचारलं नाही, दुसरं दिलं.
त्यांच्या तळहातावर गोळी होती. "बाई, घोटभर पाणी दे वं."
मी कामावरची टोपी डोळ्यांवर ओढली आणि हिंदीत बोलले. "खुला पानी नहीं मिलता, बाबा. बोतल लेना पड़ेगा."
हिंदी बोलले ते त्यांनी मला ओळखू नये म्हणून.
जावई उठलाच. "म्हाताऱ्या माणसाला पाणी नाही?" काका म्हणाले, "राहू दे, गिरीश." गोळी कोरडीच गिळली. बाटली आणते म्हणून आत गेले ती बाहेर आलेच नाही. भांड्यांपाशी उभी राहिले. ते निघेपर्यंत. बिल सीमाने नेलं.

३ नोव्हें., सोम.
सासूबाई सांगायच्या, त्या लहान होत्या तेव्हा विहिरीवर वरच्या जातीचे लोक लांबूनच ओंजळीत पाणी ओतायचे, तेही कोणाला दया आली तर. सांगताना त्या नकळत दोन्ही हात पुढे करायच्या.
मला कोणी अडवलं होतं? एक कागद. आणि टोपी.

५ नोव्हें., बुध.
पौर्णिमा. विहारात गेले. पंचशील म्हणताना पाचव्या, दारूच्या शीलाला गेले दोन महिने मी नुसते ओठ हलवते. आज तेही नाही.
काका पुढे बसलेले. एकदा मागे वळले, मला पाहिलं, लगेच मान फिरवली. म्हणजे ओळखलं होतं. खीर न घेता घरी आले.

६ नोव्हें., गुरु.
जावयाने ब्रुअरीबद्दल मोबाईलवर लिहून टाकलं. मॅनेजरने सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं. पाऊण तास थांबवलं, आजारी माणसाला पाणी नाकारलं, हिंदी बोलणारी बाई, फार उद्धट. बिलावर सीमाचं नाव. मॅनेजर तिला म्हणाला, "कल से मत आना." मग आम्हाला, "पाणी मागितलं तर काय द्यायचं असतं?" कागद तिथेच, त्याच्या डोक्यामागे.
सीमा रडली नाही. "मैं तो सिर्फ बिल ले गई थी," एवढंच म्हणत राहिली.
मी तिथेच उभी होते.

७ नोव्हें., शुक्र.
झोप लागली नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. मॅनेजरला सांगितलं, ती मी होते.
"तू? तू तर मराठी."
"हिंदी येते मला."
"काऊन बोलली मग?"
सीमाला फोन करून बोलावलं त्याने. माझं काय ते सोमवारी सांगणार. सीमा आली, माझ्याकडे पाहिलं नाही. आज मला "दीदी" म्हणाली नाही. बरोबर आहे तिचं.

८ नोव्हें., शनि.
मॅनेजरला सांगणं सोपं होतं. काकांना कसं...
मनात वाक्यं जुळवली. "काका, मी तुम्हाला ओळखलं होतं. ओळखूनच नाही दिलं." एवढंच म्हणायचं. आधी दुसरं काही बोलायचं नाही.

९ नोव्हें., रवि.
गेले. मुलगी-जावई परत गेलेत. काका ओट्यावर एकटेच, अंगणात धान वाळत घातलेलं, हातात कोंबड्या हाकायची काठी. मला पाहून उठलेच.
मी म्हटलं, "काका, त्या दिवशी..."
"आधी मले बोलू दे," ते म्हणाले. आजूबाजूला पाहिलं. "त्या दिवशी तू लय मोठं काम केलं, बाई. पोरीनं जबरदस्तीनं नेलं होतं. मी, वाचनालयाचा माणूस, दारूच्या टेबलावर बसून राहिलो! तू दिसली आन् माहा जीव गेला. म्हटलं, आता हे 'काका' म्हणते, आन् उद्या वस्तीभर. तू तं हिंदीतच सुरू झाली! जशी कोणी परकीच. मले वाचवलं तू. पौर्णिमेले तुह्या तोंडाकडे पाहायची लाज वाटली मले."
मी ओट्याच्या कडेला टेकले.
"आन् पाण्याचं त्यानं काहीतरी लिवलं म्हणते. तुले त्रास तं नाही झाला?"
"नाही," म्हटलं.
"पोट्टी हुशार आहे, समजली लगेच, असं मी मनातल्या मनात म्हटलं. समजूनच केलं ना?"
जुळवलेलं वाक्य तोंडात होतं. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला. माझ्या तोंडून निघालं, "हो काका."
त्यांनी आत जाऊन नवं पुस्तक आणलं, वाचनालयाचं नाही, त्यांचं स्वतःचं. "हे ठेव. परत नोको देऊ."
ते समोर पडलं आहे. उघडलेलं नाही.
उद्या जाऊन खरं सांगायचं ठरवलं आहे. आजही ठरवूनच गेले होते.